ऑनलाइन दुकानाचा मजकूर आणि छायाचित्रे वारंवार चोरीला जात असतील तर काय तपासावे

लक्षणे

मजकूर चोरीला गेल्याचे मालकाला स्वतःहून क्वचितच कळते. ते ग्राहकाकडून कळते. "तुमच्याच चकलीचा फोटो दुसऱ्या पानावर कमी भावात पाहिला, ती तुमचीच शाखा का?" असा निरोप येतो आणि शोधाशोध सुरू होते. दादर, गिरगाव, लालबाग या भागांतल्या लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरची पाने सांभाळताना ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येते; गणपतीच्या आधी ती वाढते आणि दिवाळीच्या फराळापर्यंत वाढतच राहते.

नेहमी दिसणारी लक्षणे अशी आहेत. आपल्या वर्णनातले अख्खे वाक्य गुगलवर शोधले की आपल्या पानाआधी दुसऱ्याचे पान दिसते. नवा मजकूर टाकल्यावर काही तासांतच तो जसाच्या तसा दुसरीकडे उमटतो. संकेतस्थळावरचे ग्राहक वाढलेले नसताना होस्टिंगचा डेटा-वापर मात्र वाढलेला असतो. आपल्या नावात एक टिंब किंवा एक अक्षर वाढवून उघडलेले इन्स्टाग्राम खाते आपलीच रील्स चालवते. कधी तर आपण अजून प्रसिद्धच न केलेले फोटो बाहेर फिरताना दिसतात.

एक लक्षण मात्र या सगळ्यांपेक्षा गंभीर आहे. कोणी आपले नाव, बोधचिन्ह आणि फोटो वापरून लोकांकडून आगाऊ पैसे घेत असेल, तर तो मजकूरचोरीचा प्रश्न उरत नाही, ती फसवणूक होते. अशा वेळी खालच्या तपासण्या क्रमाने करत बसू नये आणि त्या व्यक्तीला निरोपही पाठवू नये. पानाचे स्क्रीनशॉट घ्यावेत, ज्या ग्राहकाचे पैसे गेले त्याला ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगावे, आणि स्वतः राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व आपल्या विभागाच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात वळते होण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून येथे प्रत्येक तास महत्त्वाचा आहे.

बाकीच्या लक्षणांसाठी पुढचा क्रम पाळावा. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंटरनेटवर जे दिसते ते उतरवून घेता येते, आणि ते पूर्णपणे थांबवणारे कुलूप अस्तित्वात नाही. माउसची उजवी कळ बंद करणारी किंवा मजकूर निवडू न देणारी प्लगइन्स मी कोणाच्याही संकेतस्थळावर बसवत नाही, कारण मोबाइलवर स्क्रीनशॉट घ्यायला उजवी कळ लागत नाही आणि ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडला की सगळा मजकूर समोर असतो. अडचण होते ती फक्त दुकानाचा पत्ता किंवा फोन क्रमांक कॉपी करू पाहणाऱ्या खऱ्या ग्राहकाची. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: मजकूर आपला असल्याचा पक्का पुरावा, आणि चोरी दिसल्यावर योग्य ठिकाणी योग्य स्वरूपात तक्रार करण्याचा वेग. पुढची प्रत्येक तपासणी या दोहोंपैकी एकासाठी आहे.

पहिली तपासणी: ही नक्कल खरोखर दुसऱ्या कोणी केली आहे का?

याला पैसे लागत नाहीत आणि वेळही फारसा जात नाही. आपल्या वर्णनातले आठ-दहा शब्दांचे, सहसा दुसरे कोणी लिहिणार नाही असे वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधावे. "घरगुती चव, उत्तम दर्जा" यासारखे वाक्य निवडू नये. ते असंख्य पानांवर सापडेल आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. छायाचित्रांसाठी गुगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही ठिकाणी शोधावे, कारण दोघांकडचा चित्रसंग्रह वेगळा आहे आणि जे एकाला सापडत नाही ते दुसऱ्याला सापडते.

तरीही काही नकला निसटतात. मालवणी मसाल्याच्या एका फोटोची चोरी आम्हांला कोणत्याच शोधात सापडत नव्हती. नक्कल करणाऱ्याने फोटो डावा-उजवा उलटवला होता आणि कडेचा भाग कापून टाकला होता. ओळख पटली ती परातीमागे ठेवलेल्या वजनकाट्यामुळे, कारण त्याच्या पडद्यावरचे आकडे उलटे दिसत होते. तेव्हापासून मी मूळ फोटो फोनमध्ये उलटवून त्या प्रतीचाही शोध घेते, आणि फोटो काढतानाच चौकटीत अक्षरे किंवा आकडे असलेली एखादी वस्तू ठेवायला सांगते.

सापडलेल्या लिंकपैकी काही आपल्याच असू शकतात, म्हणून एकेक उघडून पाहावे. संकेतस्थळ बनवणाऱ्याने चाचणीसाठी केलेली प्रत तशीच उघडी राहिलेली असते, जुने डोमेन अजून चालू असते, किंवा आपणच एखाद्या ऑनलाइन बाजारमंचावर तोच मजकूर टाकून विसरलेलो असतो. अशा वेळी कोणाविरुद्ध तक्रार करायची नसते. चाचणीची प्रत पासवर्डमागे टाकावी, जुने डोमेन नव्याकडे वळवावे आणि मूळ पान कोणते हे कॅनॉनिकल टॅगने सांगावे. एकच मजकूर अनेक ठिकाणी असला म्हणजे गुगल शिक्षा करते अशी भीती अनेकांना असते. प्रत्यक्षात गुगल एकसारख्या पानांपैकी एक पान मुख्य म्हणून निवडते, आणि ती निवड आपल्या बाजूने झाली आहे की नाही हे संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गुगलच्या सर्च कन्सोलमधल्या यूआरएल (पानाच्या पत्त्याच्या) तपासणीत दिसते.

आणखी एक शक्यता तपासावी. वर्णन मुळात घाऊक व्यापाऱ्याने किंवा उत्पादकाने सर्व विक्रेत्यांना दिलेले असेल, तर समोरच्याने ते आपल्याकडून घेतलेले नसते. दोघांनी ते एकाच ठिकाणाहून घेतलेले असते.

दुसरी तपासणी: त्या मजकुरावर हक्क आपला आहे का?

ही तपासणी बहुतेक जण वगळतात, आणि पुढच्या बऱ्याच तक्रारी याच कारणाने फसतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार मजकूर किंवा छायाचित्र निर्माण होताच कॉपीराइट मिळतो; त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र तो पहिल्याने कोणाला मिळतो, हे कलम १७ ठरवते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचे असते. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढायला सांगणारा असतो. परंतु बाहेरच्या लेखकाकडून पैसे देऊन लिहून घेतलेले वर्णन आपोआप आपले होत नाही. त्यासाठी लेखी आणि सहीचे हस्तांतर लागते. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे कलम १९ धरते. म्हणून लेखकाशी व्यवहार करताना बिलासोबत दोन ओळींचे हस्तांतरपत्र घ्यावे, त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत आणि सही घ्यावी. छायाचित्रकाराच्या बिलावरच्या बारीक अक्षरातल्या अटीही वाचाव्यात, कारण "सर्व हक्क छायाचित्रकाराकडे राखीव" असे तेथे असेल तर तो उलट करार ठरू शकतो.

हक्क कशावर मिळतो, हेही पाहायला हवे. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात हे स्पष्ट केले. २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की नुसती मेहनत पुरेशी नाही, कौशल्य, निर्णयबुद्धी आणि किमान सर्जनशीलता दिसली पाहिजे. आपल्या कामात याचा अर्थ असा की भावपत्रक, वजने, जिन्नसांची यादी किंवा "गणपती विशेष मोदक पॅक" ही योजना कोणी उचलली तर तक्रार टिकणे कठीण असते. त्याच मोदकांचे आपल्या शब्दांतले वर्णन, आपण काढलेला फोटो आणि आपली रील यांची तक्रार मात्र टिकते. हा फरक न पाहता सगळ्याचीच एकत्र तक्रार केली तर तिचा मजबूत भागही कमकुवत होतो.

दागिने, साड्या आणि छापील कापड विकणाऱ्यांसाठी येथे एक वेगळा सापळा आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येईल असे डिझाइन नोंदवले नाही आणि ते लावलेल्या वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा तयार झाल्या, तर कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १५ नुसार त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन नोंदवायचे तर ते आधी कोठेही प्रसिद्ध झालेले नसावे लागते. म्हणजे नवा नमुना इन्स्टाग्रामवर टाकून प्रतिसाद पाहायचा आणि खपला तर नोंदवायचा, हा क्रम उलटा आहे. ज्याची नक्कल परवडणार नाही असा नमुना आधी नोंदणीसाठी द्यावा, मग दाखवावा. वस्तूच्या फोटोवरचा हक्क यातून वेगळा आहे आणि तो राहतोच.

तिसरी तपासणी: पुरावा हाती आहे का?

समोरच्याला पहिला निरोप जाण्याआधी हे काम संपलेले असावे. तक्रारीची चाहूल लागताच पान उतरवले जाते, पुढच्या हंगामात पुन्हा चढवले जाते, आणि आपल्या हाती काही राहत नाही.

नकलेच्या प्रत्येक पानाचा वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट घ्यावा, ज्यात पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल. संगणकावर घेतलेला अधिक उपयोगी पडतो, कारण मोबाइलच्या ॲपमध्ये पत्ता दिसतच नाही. रील किंवा स्टोरी असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. स्टोरी चोवीस तासांत जाते. त्यानंतर पानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान जतन करायला द्यावे. तेथे नोंदलेली वेळ तिऱ्हाइताची असते, आपण बदललेली नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या मूळ पानाची तेथली जुनी प्रत सापडली तर कोणते पान आधीचे हेही दिसते.

आपल्या बाजूने मूळ फाइल लागते. कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून निघालेला न कापलेला फोटो आणि त्याच वेळी काढलेले आधीचे-नंतरचे न वापरलेले फोटो जपून ठेवावेत. नक्कल करणाऱ्याकडे प्रसिद्ध झालेला एक फोटो असतो. त्या क्षणाचे बाकीचे फोटो फक्त काढणाऱ्याकडे असतात, आणि त्यावर सहसा वाद राहत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो मूळ म्हणून ठेवू नये, कारण तो आकाराने लहान केलेला असतो आणि कॅमेरा, दिनांक वगैरे माहिती त्यातून निघून गेलेली असते. छायाचित्रकाराकडून फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर घ्यावी.

प्रकरण न्यायालयात जाईल असे वाटत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग असतात: पहिला पुरावा देणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवायचे असते. म्हणून स्क्रीनशॉट घेतल्यावर त्याचा एसएचए-२५६ हॅश तेव्हाच काढून नोंदवावा आणि फाइल पुन्हा संपादित करू नये. लाल गोल काढून दाखवायचे असेल तर वेगळ्या प्रतीवर काढावेत.

चौथी तपासणी: मजकूर कोणत्या वाटेने बाहेर जातो?

तीच चोरी पुन्हा पुन्हा होत असेल तर बहुधा एखादी वाट उघडी असते. नकलेच्या पानावरचे चित्र नव्या टॅबमध्ये उघडावे आणि पत्त्याच्या पट्टीत पाहावे. तेथे आपलेच डोमेन दिसले तर समोरचा आपल्या सर्व्हरवरून थेट चित्र ओढतो आहे, म्हणजे चित्र आपले आणि डेटाचा खर्चही आपलाच. होस्टिंगच्या नियंत्रण-पटलात हॉटलिंक संरक्षण सुरू केले की हे थांबते. मात्र त्यात गुगल, फेसबुक आणि व्हॉट्सॲपला सूट द्यावी, नाहीतर आपल्याच लिंकचे चित्र शेअर करताना दिसेनासे होते.

नवे लेख तासाभरात उचलले जात असतील तर आरएसएस फीड, म्हणजे नवा मजकूर इतरांना आपोआप पोहोचवणारी संकेतस्थळाची यादी, पाहावे. वर्डप्रेसमध्ये वाचन-मांडणीच्या पानावर फीडमध्ये पूर्ण मजकुराऐवजी सारांश देण्याचा पर्याय आहे. तो निवडला की स्वयंचलित उचलेगिरीला दोन-चार ओळीच मिळतात. त्या सारांशात मूळ पानाची लिंकही घालावी; ती नकलेबरोबर जाते.

तिसरी वाट कमी ठाऊक आहे. काही वेळा दुसऱ्या डोमेनवर आपले अख्खे संकेतस्थळ दिसते, फक्त फोन क्रमांक बदललेला असतो. आपल्या पानावर एखादा निरुपद्रवी शब्द बदलावा आणि त्यांचे पान ताजे करावे. तेथेही शब्द बदलला तर ती साठवलेली नक्कल नाही. त्यांचा सर्व्हर दर वेळी आपल्याकडून पान आणून दाखवतो आहे. आता त्यांच्या डोमेनपुढे मुद्दाम एक अस्तित्वात नसलेला, आपण मनाने जुळवलेला पत्ता लिहून उघडावा आणि लगेच आपल्या सर्व्हरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) तोच पत्ता शोधावा. ज्या आयपी क्रमांकावरून ती मागणी आलेली दिसेल, तोच त्यांचा सर्व्हर. तो रोखला की आरसा बंद पडतो. क्रमांक सतत बदलत राहिला तर स्वतः झगडत बसू नये. येथे होस्टिंग कंपनीच्या तांत्रिक विभागाला बोलवावे, कारण चुकून क्रमांकांचा मोठा पट्टा रोखला तर खरे ग्राहकही बाहेर राहतात.

प्रसिद्धीपूर्वीच मजकूर बाहेर जात असेल तर दोष बाहेरच्यांत शोधू नये. कोणाकोणाला प्रवेश आहे ती यादी काढावी. सोडून गेलेला कर्मचारी, जुना डिझायनर आणि सगळ्यांना खुली ठेवलेली ड्राइव्हची लिंक ही तीन कारणे सर्वाधिक आढळतात. पासवर्ड बदलावेत, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी आणि खुल्या लिंक बंद कराव्यात. कोणत्या यंत्राने कोणते पान वाचू नये हे सांगणाऱ्या रोबोट्स-टेक्स्ट फाइलवर फार विसंबू नये. गुगलसारखे आणि ओपनएआयच्या जीपीटीबॉटसारखे जाहीर नाव घेऊन येणारे क्रॉलर (पाने आपोआप वाचणारी यंत्रे) ती पाळतात; चोरी करायला आलेला ती पाळत नाही.

पाचवी तपासणी: एका साध्या निरोपाने काम होते का?

लहान दुकानदारांमधल्या बऱ्याच चोऱ्या अज्ञानातून होतात. गुगलवर दिसले म्हणजे सर्वांसाठी खुले आहे, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते, आणि पाने सांभाळणाऱ्या मुलाने फोटो कोठून आणले हे दुकानाच्या मालकाला ठाऊकही नसते. माझ्या अनुभवात सर्वाधिक प्रकरणे याच पायरीवर मिटतात. निरोप शक्यतो ईमेलने पाठवावा आणि त्यात आरोपापेक्षा तपशील असावा. मी पाठवते तो मसुदा असा:

"नमस्कार. आपल्या पुढील पानांवर वापरलेली दोन छायाचित्रे आणि त्याखालील वर्णन आमच्या दुकानाचे आहे. आमची मूळ पाने आणि आपली पाने यांच्या लिंक खाली दिल्या आहेत. मूळ फाइली आमच्याकडे आहेत. हा मजकूर वापरण्याची परवानगी आम्ही दिलेली नाही. कृपया शुक्रवारी सायंकाळपर्यंत तो काढावा आणि तसे कळवावे. काही गैरसमज असल्यास याच पत्त्यावर उत्तर द्यावे."

यात तुरुंग, पोलीस, लाखोंची भरपाई असे काही लिहू नये. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६० नुसार बिनबुडाच्या कायदेशीर धमकीविरुद्ध समोरच्यालाच न्यायालयात जाता येते. नाव घेऊन समाजमाध्यमावर बोभाटा करणेही टाळावे. त्यातून मजकूर उतरत नाही आणि बदनामीचा वाद मात्र उभा राहू शकतो.

सहावी तपासणी: तक्रार योग्य दारात गेली आहे का?

उत्तर आले नाही तर मंचाकडे जावे. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि मोठे बाजारमंच या सर्वांचे कॉपीराइट तक्रारीचे स्वतंत्र फॉर्म आहेत. पोस्टवरच्या तीन टिंबांतून "रिपोर्ट" दाबण्यापेक्षा तो फॉर्म भरावा, कारण त्यात हक्काचे नेमके म्हणणे मांडता येते. फॉर्म निवडताना गल्लत होते. फोटो आणि लेखन ही कॉपीराइटची तक्रार, नोंदणीकृत नाव आणि बोधचिन्ह ही ट्रेडमार्कची, आणि आपण आहोत असे भासवणारे खाते ही तोतयेगिरीची. चुकीच्या फॉर्मवर दिलेली खरी तक्रारही नाकारली जाते.

नाकारले जाण्याचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे लिंक. समोरच्या दुकानाच्या मुख्य पानाची लिंक देऊन "यांनी आमचे सगळे चोरले आहे" असे लिहिले तर तपासणाऱ्याला काही करता येत नाही. प्रत्येक चोरलेल्या चित्राची स्वतंत्र लिंक आणि तिच्यासमोर आपल्या मूळ चित्राची लिंक द्यावी. हे कंटाळवाणे आहे, पण तक्रारीचा निकाल यावरच ठरतो. कोष्टक आधी करून ठेवले की तेच सर्वत्र वापरता येते.

अमेरिकी कंपन्यांकडची तक्रार बहुधा तेथील १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याच्या चौकटीत जाते. तिच्याखाली केलेली सही म्हणजे कायदेशीर कथन असते आणि जाणूनबुजून खोटे लिहिल्यास भरपाईची जबाबदारी येते. समोरच्याने प्रतिनोटीस, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचे लेखी उत्तर, दिली आणि आपण न्यायालयात गेलो नाही, तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येऊ शकतो. भारतात कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५२ आणि कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ खाली लेखी तक्रार देता येते. मंचाची खात्री पटली तर ३६ तासांत मजकुरापर्यंतचा प्रवेश थांबवायचा असतो, मात्र तो २१ दिवसांसाठी. त्या अवधीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा दिसू शकतो. भारतात सेवा देणाऱ्या मंचांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करणे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार बंधनकारक आहे. फॉर्मला दाद लागली नाही तर तेथे लिहावे.

नक्कल स्वतंत्र संकेतस्थळावर असेल तर हूइज शोधातून (संकेतस्थळाच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या शोधातून) होस्टिंग कंपनी शोधून तिच्या तक्रारपत्त्यावर लिहावे. शोधात क्लाउडफ्लेअर ही संकेतस्थळ आणि वाचक यांच्यामध्ये राहणारी कंपनी दिसली तर बहुधा मूळ होस्ट त्यामागे लपलेला असतो. तिच्या फॉर्मवर तक्रार केल्यास ती होस्टपर्यंत पोहोचवली जाते. गुगलच्या शोधातून पान काढण्याची मागणी याबरोबरच करावी. त्याने पान नष्ट होत नाही, पण ग्राहक त्यापर्यंत पोहोचणे कमी होते. गुगलकडे आलेल्या मागण्यांच्या प्रती ल्युमेन या सार्वजनिक संग्रहात जातात, म्हणून तक्रारीच्या मजकुरात धंद्याच्या खासगी गोष्टी लिहू नयेत.

सातवी तपासणी: पुढच्या वेळेसाठी पाया मजबूत आहे का?

येथून खर्च सुरू होतो, तरी तो फार नाही. फोटो लांब बाजूला बाराशे ते सोळाशे पिक्सेल एवढाच टाकावा. पडद्यावर तो चांगला दिसतो, छपाईला अपुरा पडतो. वॉटरमार्क कोपऱ्यात टाकू नये, कापला जातो. वस्तूच्या कडेवरून फिकट जाईल असा टाकावा. लेखन किंवा कलाकृतीची कॉपीराइट नोंदणी प्रत्येकी ५०० रुपये शुल्कात होते, मालावर वापरायच्या कलाकृतीसाठी २,००० रुपये. नोंदणी सक्तीची नसली तरी नोंदवहीतली नोंद न्यायालयात सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते. दुकानाचे नाव चोरीला जात असेल तर ट्रेडमार्क आधी करावा: व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाला माल-सेवांच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात. ट्रेडमार्क नोंदणीचे मुंबईतले कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण अर्ज घरबसल्या भरता येतो. सगळे फोटो नोंदवत बसू नये. बोधचिन्ह, वेष्टनाचे चित्र आणि मुख्य पुस्तिका एवढे पुरे.

येथे थांबावे आणि वकिलाकडे जावे

पुढील परिस्थितींत स्वतः काही करू नये. समोरच्याने प्रतिनोटीस दिली आहे किंवा मूळ मजकूर स्वतःचाच असल्याचा दावा केला आहे. आपल्यालाच कायदेशीर नोटीस आली आहे. नक्कल करणारा माजी भागीदार, माजी कर्मचारी किंवा नातेवाईक आहे, कारण तेथे कॉपीराइटइतकाच जुन्या व्यवहाराचा कागद महत्त्वाचा ठरतो. नुकसान इतके आहे की भरपाई मागायची आहे. मजकूर एका ठिकाणाहून उतरला की दुसऱ्या डोमेनवर चढतो आहे आणि मागे कोण आहे हे समजत नाही. अशा अज्ञात प्रतिवादींविरुद्ध न्यायालये "अशोक कुमार" या नावाने आदेश देतात, पण तो मिळवणे वकिलाचे काम आहे.

फौजदारी मार्गही आहे. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६३ खाली जाणीवपूर्वक उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. तरी दोन फोटोंसाठी शेजारच्या दुकानदारावर हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संघटित नक्कल, बनावट माल किंवा ग्राहकांची फसवणूक असेल तरच, आणि वकिलाशी बोलूनच, तो धरावा.

वकील निवडताना बौद्धिक संपदेचे काम नियमित करणारा पाहावा आणि पहिल्या भेटीतच खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. त्याच अधिनियमाच्या कलम ६२ मुळे हक्कदाराला आपण राहतो किंवा धंदा करतो तेथील न्यायालयातही दावा करता येतो, त्यामुळे नक्कल करणारा परराज्यात आहे म्हणून माघार घेण्याचे कारण नाही. मात्र उशीर करू नये. व्यापारी दाव्यात तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसेल तर आधी मध्यस्थीची प्रक्रिया पार पाडावी लागते, आणि चोरी कळल्यानंतर महिनोन्‌महिने गप्प बसलेल्या माणसाला तातडी पटवून देणे जड जाते. भेटीला जाताना मूळ फाइली, हॅशसह स्क्रीनशॉट, लिंकचे कोष्टक, लेखकाचे हस्तांतरपत्र, छायाचित्रकाराचे बिल आणि आतापर्यंतच्या सर्व निरोपांच्या व तक्रारींच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून न्याव्यात.